फार होते, म्हणून नावे नाहीत

गेल्या डिसेंबरात इतिहासाच्या वर्गातले चौदा-पंधरा विद्यार्थी घेऊन मी कुलाब्याला गेलो होतो. अफगाण चर्च पाहावयाचे होते. बसमधून उतरल्यावर झाडांच्या वरून निघालेला त्याचा निमुळता मनोरा दिसला आणि मुलांनी मोबाइल बाहेर काढले. तसा तो फोटो काढण्यासारखाच आहे. उंची १९८ फूट. बंदरात शिरणारी गलबते एकेकाळी हा मनोरा पाहून आपली दिशा ठरवीत.

आत गेल्यावर मी मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ सांगितले. कमानी कशा टोकदार आहेत, खांबांची रांग नजरेला पूर्वेकडे कशी नेते, काचांचे रंग जमिनीवर कसे उतरतात. मग आम्ही स्मारकलेखापाशी आलो. तो इंग्रजीत आहे. एका मुलीने तो मोठ्याने वाचला आणि मी मराठीत अर्थ सांगत गेलो. मतितार्थ असा : १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत रोगाने वा तलवारीने जे पडले, त्यांची ही स्मृती. अधिकाऱ्यांची नावे वेदीच्या भागातील भिंतींवर लिहिली आहेत. त्यांच्या हाताखालचे नाईक-हवालदार दर्जाचे लोक आणि साधे शिपाई मात्र इतके होते की त्यांची तशी नोंद करणे शक्य नाही.

मी पुढच्या खिडकीकडे वळत होतो, तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "सर, फार होते म्हणून नावे नाहीत? भिंत तर केवढी आहे!"

मी तीस वर्षे इतिहास शिकवला. हा लेख मी त्यापूर्वीही दोनदा वाचला होता. पण ते वाक्य मला खुपले नव्हते. त्या मुलाला खुपले. आजचे हे टिपण त्या प्रश्नापायी लिहीत आहे.

प्रथम इमारतीविषयी. कारण ही इमारत नुसती सुंदर नाही. तिच्या मांडणीतच एक विचार आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय भिंतीवरच्या नावांचा अर्थ लागत नाही.

चर्चचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पायाभरणी १८४७ साली झाली. पहिला आराखडा इंग्लंडातून आला होता. ऑक्सफर्डच्या वास्तुशास्त्र मंडळामार्फत डेरिक नावाच्या वास्तुकाराने तो केला होता. परंतु तो परवडेना. मग मुंबईतच असलेल्या हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याने नवा आराखडा केला. विहार तलावाचे पाणी मुंबईला आणण्याची योजनाही याच कॉनीबेअरची. ७ जानेवारी १८५८ रोजी चर्च उपासनेसाठी समर्पित झाले. मनोरा पुरा व्हायला मात्र १८६५ उजाडले. वेदीमागची सजावट, जमिनीच्या फरशांची नक्षी, बाके, हे काम विल्यम बटरफिल्डचे. लंडनमध्ये ऑल सेंट्स हे गाजलेले चर्च बांधणारा तो हाच. पूर्व-पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. फरशा इंग्लंडातून आल्या, काचा इंग्लंडातून आल्या. दगड मात्र इथला : पिवळसर बेसॉल्ट आणि चुनखडीचा दगड.

त्या काळी इंग्लंडात एक चळवळ जोरात होती. १८३९ साली केंब्रिजमध्ये स्थापन झालेले कॅम्डेन मंडळ तिचे मुख्य केंद्र. या मंडळींचे म्हणणे असे, की खरे चर्च म्हणजे मध्ययुगातले चर्च. तेराव्या-चौदाव्या शतकात जशी बांधत तशीच ती आताही बांधली पाहिजेत. म्हणजे काय? मधले मोठे दालन आणि बाजूचे सोपे सामान्य भाविकांसाठी. त्यापलीकडे एक मोठी कमान. कमानीपलीकडे पायऱ्या चढून उंच केलेला, लांबट, अधिक सजवलेला भाग. त्याला इंग्रजीत चॅन्सेल म्हणतात. वेदी तिथे, धर्मगुरू तिथे. जागा जितकी आत, तितकी ती पवित्र आणि तितकी मानाची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात इंग्लंडातील खेड्याखेड्यांत याच पद्धतीची हजारो चर्चे उभी राहिली किंवा जुनी दुरुस्त झाली. अफगाण चर्च हे त्या विचाराचे हिंदुस्थानात उमटलेले पहिल्या काही ठशांपैकी एक.

आपल्या वाचकांना ही रचना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. सभामंडप आणि गाभारा हा भेद आपण पुस्तकातून शिकलेलो नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात जे सुरू झाले, ते याच भेदाशी भांडण होते. किंबहुना आपल्याला तर सभामंडपही नाकारलेला होता. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. त्या चर्चमध्ये कोणाच्या सावलीचा विटाळ मानला जात नव्हता. परंतु जागेची उतरंड असली की माणसांची उतरंड तिच्यात आपोआप जाऊन बसते, एवढे मात्र खरे. अधिकाऱ्यांची नावे कोठे आहेत? चॅन्सेलच्या भिंतींवर, म्हणजे सर्वांत आतल्या आणि सर्वांत पवित्र जागी. आणि शिपाई? त्यांच्या वाट्याला एक उपवाक्य आले आहे.

हे शिपाई कोण होते, याकडे आता वळू.

१८३८ च्या अखेरीस मुंबई सेनेची एक फौज समुद्रमार्गे सिंधमध्ये उतरली. बोलन खिंडीतून ती अफगाणिस्तानात गेली. २३ जुलै १८३९ रोजी गझनी पडली, नोव्हेंबरात कलात पडले. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेल्या फौजेचा जो संहार झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार सेवेकरी बर्फातून निघाले, आणि १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन हा एक जखमी युरोपियन घोड्यावरून जलालाबादला पोचला, असे ते चित्र. त्या फौजेत मुख्यतः बंगाल सेनेच्या पलटणी होत्या. मुंबईच्या पलटणींचे मरण दक्षिणेकडच्या वाटांवर विखुरलेले आहे. १८४० साली बलुचिस्तानातल्या कहानच्या गढीत पाचव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीची तुकडी महिनोन्महिने वेढ्यात होती. तिला सोडवायला निघालेली फौज ३१ ऑगस्टला नफुस्कच्या घाटात मार खाऊन परतली. तिच्यातली माणसे शत्रूच्या हातून मेली, तशीच उन्हाने आणि तहानेनेही मेली. पुढे १८४३ मध्ये सिंध घेताना मियानीच्या लढाईतही मुंबईच्या देशी पलटणी होत्या.

बंगाल सेना उच्चवर्णीयांना पसंत करी. मुंबई सेनेचे तसे नव्हते. तिच्या पलटणींत मराठे होते, उत्तर हिंदुस्थानी होते, मुसलमान होते, काही बेने इस्रायली होते, आणि त्याच रांगेत महारही होते. कागदोपत्री त्यांना 'परवारी' म्हणत. गावात ज्याला वेशीबाहेर राहावे लागे, तो इथे रांगेत खांद्याला खांदा लावून उभा राही आणि सुभेदारही होऊ शके. तेव्हा 'फार होते' म्हणून ज्यांची नावे गेली, त्यांत आपली माणसे होती. आपलीच होती असे नव्हे, आपलीही होती. शिवाय लेखातले 'साधे शिपाई' म्हणजे गोरे शिपाई की काळे, हेदेखील ते वाक्य सांगत नाही.

याच्याही खाली आणखी एक थर आहे. सिंधू नदीकडे निघालेल्या बंगालच्या फौजेत साडेनऊ हजार सैनिक होते आणि त्यांच्यामागे सुमारे अडतीस हजार सेवेकरी होते, असे त्या युद्धाचे इतिहासकार सांगतात. भिस्ती, डोलीवाले, मोतद्दार, गवत कापणारे, झाडू मारणारे, उंट हाकणारे. एका शिपायामागे चार माणसे. ती कोणत्या जातींची असणार, हे मी सांगायला नको. स्मारकलेखात त्यांचा शब्दानेही उल्लेख नाही. शिपायाला निदान एवढे तरी म्हटले की तुम्ही फार होता. भिस्त्याला तेवढेही म्हटलेले नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. खरोखरच नावे लिहिणे अशक्य होते काय?

त्याचे उत्तर मुंबईपासून फार दूर नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला लढाई झाली. त्यानंतर तिथे स्तंभ उभारायला घेतला. त्याचा पाया १८२१ मध्ये घातला गेला. तोही कंपनी सरकारचाच आणि मुंबईच्याच पायदळाचा. त्या स्तंभावर पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. दगडात कोरलेले ते 'नाक' वाचून आपल्या तीन-चार पिढ्यांची छाती भरून आली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, आणि आज लाखो लोक जातात. लोक विजयासाठी जातात असे म्हणतात. मला वाटते, ते मुख्यतः नाव वाचायला जातात. आपले नाव दगडावर, आणि तेही दुसऱ्याच्या हाताने लिहिलेले!

कोणी म्हणेल, ४९ लिहिणे सोपे, हजारो लिहिणे कठीण. मग दिल्लीचे इंडिया गेट पाहा. १९३१ साली पुरे झालेल्या त्या कमानीवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. म्हणजे त्याच डोंगरांत मेलेल्या, त्याच दर्जाच्या शिपायांची नावे त्याच सरकारने पुढे लिहिली. पलटणीचा पगारपट असतो, हजेरीपट असतो. ज्याला पगार देताना नाव लागते, त्याचे नाव तो मेल्यावर सापडत नाही असे कसे म्हणावे? १८५८ मध्ये नावे लिहिली गेली नाहीत, कारण ती लिहिण्याजोगी आहेत असे कोणाला वाटलेच नाही. आणि तारीखही ध्यानात घ्यावी. जानेवारी १८५८ मध्ये उत्तरेत बंगाल सेनेचे शिपाई कंपनीविरुद्ध लढत होते. लखनौ अजून पुरते हाती आले नव्हते. गोऱ्या अधिकाऱ्याच्या मरणाने डोळे ओले होत होते, काळ्या शिपायाकडे संशयाने पाहिले जात होते.

आता कोणी विचारील, की साम्राज्याच्या लुटीत सामील झालेल्या भाडोत्री शिपायांसाठी एवढा जीव का टाकता? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. अफगाणांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते. ते आक्रमण होते. सूड म्हणून ऑक्टोबर १८४२ मध्ये इंग्रजांनी काबूलचा मोठा बाजार उद्ध्वस्त केला. त्या मोहिमांत मेलेल्या अफगाण आणि बलुच शेतकऱ्यांचे नाव कुलाब्याच्या त्या चर्चमध्ये नाही, ते असण्याचे कारणही नव्हते. आपला शिपाई त्या पापाबाहेर होता असे मी म्हणणार नाही. पण त्याने बंदूक का धरली, हे आपण जाणतो. गावाने त्याला शिळा तुकडा आणि मेलेले ढोर दिले. पलटणीने पगार, बूट आणि वाचायला अक्षर दिले. जबाबदारी टाकायची तरी माणसाला नाव लागते. ज्याला नाव नाही त्याला मानही देता येत नाही आणि जाबही विचारता येत नाही.

नाव ही भावनेची बाब आहे असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढवय्या जाती कोणत्या, याची नवी याद्या-गणिते तेव्हा मांडली जात होती आणि त्यांत आपण बसत नव्हतो. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला विनंतीपत्र लिहिले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. आम्ही तुमच्यासाठी लढलो आहोत, हे त्यांना सिद्ध करावे लागत होते. विचार करा, की सत्तर वर्षांच्या मोहिमांत ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या नातवंडांना पुरावा मागितला जातो, आणि पुरावा ज्या भिंतीवर असायला हवा त्या भिंतीवर लिहिले आहे, की ते फार होते. नाव म्हणजे दाखला. दाखला नसला की हक्क जातो. आपल्या घरात कोणत्याही सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

माझी आजी आपल्या आजोबांविषयी सांगे. त्यांना सगळा गाव 'पलटणवाले' म्हणे. त्यांचा एक पेन्शनीचा कागद ट्रंकेत होता. एका पावसाळ्यात छप्पर गळले आणि त्याचा लगदा झाला. आजीला त्यांचे खरे नाव आठवत नव्हते. "नाकच व्हतं बाबा शेवटी," एवढेच ती म्हणायची. लहानपणी मला त्याचे हसू येई.

आता प्रश्न उरतो तो वारशाचा. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. तिच्या यादीत अफगाण चर्च पहिल्या श्रेणीत आहे. म्हणजे या इमारतीला आतून वा बाहेरून, परवानगीवाचून आणि अत्यावश्यक कारणावाचून हात लावता येत नाही. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. तिथे रविवारी उपासना होते. अशा इमारतीची निगा राखणे सोपे नाही. दगड झिजतो, खारी हवा काचांचे शिसे खाते. ती निगा राखली जाते याचा मला आनंदच आहे. ती पाडावी, लेख खरडून टाकावा, असे मला मुळीच वाटत नाही.

परंतु कायदा नेमके काय जपतो, हे समजून घेतले पाहिजे. तो दगड जपतो, काच जपतो, आणि त्यांच्याबरोबर ते उपवाक्यही जपतो. अधिकाऱ्यांची नावे जपली जातील, शिपायांचे नसणेही जपले जाईल, आणि दोन्हींना एकच पहिली श्रेणी मिळेल. तो दगड खाणीतून काढणारे वडार आणि पाथरवट, चुना मळणारे, टोपल्या वाहणारे कामाठी आणि त्यांच्या बायका यांचे नाव तर मुळात कोठे नव्हतेच. बटरफिल्डचे नाव मात्र माहितीपुस्तकात आहे, आणि तो कधी मुंबईला आलासुद्धा नव्हता!

याच शहरात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. आंबेडकरी चळवळीचा केवढा इतिहास त्या जिन्यांवर घडला! १९७४ च्या जानेवारीत पँथरच्या सभेनंतर जे घडले ते त्याच वस्तीत. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे, उंच इमारती उभ्या राहत आहेत. लोकांना चांगली घरे मिळाली पाहिजेत. माणसे कोंडून वारसा जपावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण चाळ गेली तरी तिची नोंद राहिली पाहिजे. कोणत्या खोलीत कोण राहिले, कोणत्या गॅलरीत अभ्यासवर्ग चालला, हे लिहिले पाहिजे. नाहीतर शंभर वर्षांनी कोणी तरी सभ्य माणूस लिहील, की तिथे पुष्कळ लोक राहत होते. इतके, की त्यांची नोंद करणे शक्य झाले नाही.

म्हणून माझे सांगणे दोन गोष्टींपुरते आहे. पहिली, शिक्षकांना. मुलांना अफगाण चर्च दाखवायला जरूर न्या. कमानी दाखवा, काचा दाखवा; ते सौंदर्यही आपल्याच मातीतल्या दगडाचे आहे आणि ते पाहण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मग तो लेख मोठ्याने वाचायला लावा आणि उपवाक्यापाशी थांबा. आवारात, मूळ दगडाला धक्का न लावता, शिपाई आणि सेवेकऱ्यांविषयी एक साधा फलक असावा, अशी रीतसर मागणीही करता येईल. दुसरी, कार्यकर्त्यांना. कोकणात, साताऱ्याकडे, नगरकडे आपल्या असंख्य घरांत पलटणीचे कागद, बिल्ले, पेन्शनीची पुस्तके अजून ट्रंकांत आहेत. छप्पर गळण्याआधी ती उतरवून घ्या. गाव, नाव, पलटण, साल. एक वही पुरे.

परतीच्या बसमध्ये त्या मुलाने मला विचारले, "सर, तुमच्या त्या पलटणवाल्यांचे नाव शोधता येईल का?" मी म्हटले, बघू. गेल्या महिन्यात आम्ही दोघे माझ्या आजीच्या माहेरगावी जाऊन आलो. कागद मिळाला नाही. पण वस्तीतल्या इतर घरांतून अकरा नावे मिळाली, आणि ती त्याने वहीत उतरवली आहेत.